राजा-नव्वीचा माज

शनिवारची सकाळ. बायको अजून उठलेली नाही, पहिला चहा पोटात गेलाय आणि डोकं काल रात्रीपासून तापलेलं आहे. तेव्हा आजचं लिखाण जरा तिखट होणार, आधीच सांगून ठेवतो.

काल इथे एडिसनला एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आमचा महिन्याचा पोकरचा अड्डा होता. आठ टाळकी, सगळी आयटीतली. वीस-पंचवीस डॉलरच्या वर कोणाचं नुकसान होत नाही, आणि वडापाव फुकट. एका डावात माझ्या हातात राजा होता, टेबलावरही राजा होता, आणि तरी मधल्या फेरीत मी एक सेंटही न लावता चेक केलं. झालं! टेबलावरचे पंडित तुटून पडले. "राजाची जोडी असून चेक?" "घाबरलास काय रे?" "अरे, मर्दासारखा खेळ की जरा!"

तो डाव मी जिंकलो की हरलो ते सांगणार नाही, कारण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पण हे 'मर्दासारखं खेळणं' मला एकदा चारशे डॉलर आणि बायकोशी बोललेल्या एका खोट्याला पडलेलं आहे. त्यामुळे त्यावर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो. माझं म्हणणं एका वाक्यात असं: कमजोर किकरची टॉप पेअर ही फार तर दोन बेटची पानं आहेत. तिन्ही फेऱ्यांत धडाधड पैसे लावणारा माणूस शूर नसतो, त्याने फक्त हिशेब केलेला नसतो.

ज्यांचं आयुष्य रमी आणि मेंढीकोटात गेलंय त्यांच्यासाठी थोडक्यात नियम. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात, आणि पाच पानं टेबलावर सगळ्यांना मिळून. ती पाच एकदम उघडत नाहीत. आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). फ्लॉपच्या आधी आणि मग दर टप्प्याला पैसे लावायची एक फेरी. शेवटी सातातली उत्तम पाच पानं ज्याची, त्याचा पॉट. फ्लॉपवरच्या सगळ्यात मोठ्या पानाशी तुमच्या हातातल्या पानाची जोडी लागली की ती टॉप पेअर. हातातलं दुसरं पान म्हणजे किकर. दोघांकडेही राजाची जोडी असेल तर बहुतेक वेळा किकर निकाल लावतो. राजासोबत एक्का असेल तर तो वेगळा विषय. राजासोबत नव्वी असेल, तर तो आजचा विषय.

आता ती रात्र. अटलांटिक सिटीतला एक कसिनो, एक-दोन डॉलरच्या ब्लाइंड्सचं टेबल, समोर दोनशे डॉलरच्या चिप्स. मी बटणावर, म्हणजे सगळ्यात शेवटी बोलणारा. हातात इस्पिकचा राजा आणि नव्वी. मी दहा केले. सगळे पळाले, फक्त मोठ्या ब्लाइंडवरचे एक आजोबा कॉफीचा घोट घेत थांबले. त्यांचे दहा, माझे दहा, छोट्या ब्लाइंडचा एक. पॉट २१ (कसिनोचा कट हिशेबात धरत नाही). फ्लॉप आला: चौकट राजा, बदाम सत्ती, किलवर चव्वी. रंगाची भीती नाही, सिक्वेन्सची फारशी नाही. मनात बँड वाजायला लागला.

आजोबा चेक. मी १४. आजोबा कॉल. टर्नला इस्पिक दुर्री. आजोबा चेक, मी ३३, आजोबा कॉल. रिव्हरला इस्पिक गुलाम. आजोबा चेक. मी छाती काढून ७५ पुढे सरकवले. आजोबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, चिप्स मोजल्या, कॉल केलं आणि राजा-राणी शांतपणे टेबलावर मांडली.

एका डावात १३२ डॉलर. पुढचं सांगण्यासारखं नाही. उरलेले ६८ तासाभरात गेले, मग एटीएममधून आणखी दोनशे काढले, तेही गेले. त्या उन्हाळ्यात आई-बाबांना इकडे बोलवायचं होतं. तिकिटांसाठी आम्ही दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकत होतो, त्यातलेच हे. रात्री दोन वाजता गार्डन स्टेट पार्कवेवरून घरी येताना मी मनातल्या मनात वाक्य घोटत होतो. "रिलीज होतं गं, हापिसातच अडकलो." बायकोने काही विचारलं नाही. जेवण झाकून ठेवलेलं होतं. मंडळी, ते गार वरण-भात मला चारशे डॉलरपेक्षा जास्त लागलं.

असो. रडगाणं पुरे. मी कुठे चुकलो ते बघू. हरलो म्हणून चुकलो असं नाही बरं का. आजोबांकडे राजा-राणी सोडून राजा-अठ्ठी निघाली असती आणि मी तो पॉट ओढला असता, तरी तिसरी बेट चूकच होती. उलट जिंकलो असतो तर ती चूक मी आणखी दोन वर्षं केली असती.

पहिलं कारण आपल्या रक्तात आहे. आपण पत्ते शिकलो ते गणपतीच्या जागरणात आणि होस्टेलच्या गच्चीवर, तीन पत्ती खेळत. तीन पत्तीत जोडी म्हणजे दणका असतो, आणि ते बरोबरही आहे. तिथे १०० पैकी सुमारे १७ वेळा जोडी येते, जोडीहून भारी काही म्हणजे कलर, सिक्वेन्स, ट्रेल वगैरे जेमतेम ९ वेळा येतं, आणि उरलेल्या ७४ वेळा हातात फुसका बार असतो. होल्डेममध्ये पानं सात! सातही उघडेपर्यंत थांबलात तर १०० पैकी सुमारे ३९ वेळा जोडीहून भारी काहीतरी तयार होतं. नुसती जोडी ४४ वेळा, आणि तीसुद्धा नाही अशी पाळी फक्त १७ वेळा. म्हणजे जी चीज तिकडे मूठभर लोकांकडे असते, ती इकडे सर्वसाधारण आहे. आपण मात्र गच्चीवरचा माज घेऊन कसिनोत जातो. त्यात दोन वेगवेगळी पानं हातात असली की तीन फ्लॉपमधून साधारण एकदाच काहीतरी लागतं. तासभर वाट बघून राजा दिसला की माणूस त्याच्या प्रेमातच पडतो.

दुसरं कारण पॉटच्या वाढीचं. वरचे आकडे पुन्हा बघा. पॉटच्या दोन-तृतीयांश बेट लावत गेलं तर १४, मग ३३, मग ७५. पॉट २१ वरून ४९, मग ११५, मग २६५. आपल्याला वाटतं आपण तीन सारख्या पायऱ्या चढतोय. प्रत्यक्षात तिसरी पायरी पहिल्या दोन्ही मिळून होतात त्याहून मोठी आहे. १४ आणि ३३ मिळून ४७, आणि शेवटची एकटीच ७५. चक्रवाढ व्याज म्हणजे काय हे होम लोन घेतलेल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. मधली एक फेरी चेक केली तर? १४, शून्य, ३३. सगळे मिळून १२२ च्या जागी ४७. एका चेकने ७५ डॉलर टेबलावर जायचे वाचतात.

"पण मग तितकं जिंकायचंही राहतं ना!" पंडित बोललेच. म्हणून तिसरं कारण, आणि हे मुख्य: कॉल कोण करतो?

मोजूया. कागद-पेन्सिल घ्या, सॉफ्टवेअरची गरज नाही. एक राजा माझ्याकडे, एक टेबलावर, म्हणजे शिल्लक दोन. आजोबांकडे राजा-राणी असण्याचे प्रकार दोन गुणिले चार, म्हणजे ८. राजा-गुलाम ८, राजा-दश्शी ८. झाले २४. हातात सत्त्यांची जोडी म्हणजे त्रिकूट, ३ प्रकार. चव्व्यांची ३. एकाच रंगाचे राजा-सत्ती आणि राजा-चव्वी, एकेक. एकूण ३२ प्रकारांनी मी मागे आहे. राजा-एक्का असता तर आजोबांनी आधीच वाढवलं असतं असं धरतो.

आता मी ज्यांच्या पुढे आहे ते. माझ्याहून हलक्या किकरचे राजे लोक बहुधा एकाच रंगाचे असले तरच खेळतात: अठ्ठी, छक्की, पंजी, तिर्री, दुर्री, प्रत्येकी २, एकूण १०. मग पंज्यांपासून गुलामांपर्यंतच्या हातातल्या जोड्या, सत्त्या सोडून: ३३ (एक नव्वी माझ्याकडे आहे, म्हणून नव्व्यांच्या तीनच). आणि सत्ती लागलेले, एकाच रंगाचे एक्का-सत्ती, अठ्ठी-सत्ती, सत्ती-छक्की: ९. एकूण ५२.

फ्लॉपला बेट मारली तर हे सगळेच एकदा बघून घेतात. ५२ हलकी, ३२ भारी. बेट उत्तम, जरूर मारा! टर्नला पुन्हा मारली की पंज्या, छक्क्या, अठ्ठ्या, नव्व्या, सत्त्या सगळं गळायला लागतं. हट्टाने उरतात ते १० राजे आणि दश्श्या-गुलामांच्या १२ जोड्या. २२ विरुद्ध ३२. इथेच पारडं फिरलं. तिसरी बेट मारली की जोड्याही जातात. उरतात १० विरुद्ध ३२. म्हणजे कॉल झाल्यावर मी चारातून एकदा जिंकतो, आणि तेही सगळ्यात मोठ्या बेटवर! टर्न-रिव्हरच्या पानांनी हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, निकाल तोच राहतो. भारी पानं कुठेच जात नाहीत, हलकी दर फेरीला पळतात. गाळणीत शेवटी माझा काळ तेवढा उरतो.

आता टर्नला चेक करून बघा. आजोबांच्या मनात येतं, "याच्याकडे राजा दिसत नाही." मग रिव्हरला ३३ लावले की अठ्ठ्यांपासून गुलामांपर्यंतच्या २१ जोड्या, ९ सत्तीवाले आणि १० राजे, असे ४० प्रकार कॉल करायला तयार होतात. ४० विरुद्ध ३२. बेट दोनच, पण क्रम बदलल्यावर दुसरी बेट तोट्याची होती ती फायद्याची झाली. आणि आजोबांनीच रिव्हरला ३३ लावले तर? ११५ च्या पॉटसाठी मला ३३ घालायचे आहेत, म्हणजे १०० पैकी २९ वेळा बरोबर असलो तरी भागतं. माझा चेक बघून फुसके बारही कधीमधी उडतात. निवांत कॉल करा.

आता पंडितांची ठेवणीतली शस्त्रं.

पहिलं: "जोडीचं रक्षण करायला नको? फुकट पान कशाला द्यायचं?" कोणापासून रक्षण? समोर अठ्ठ्यांची जोडी असेल तर त्याला न दिसलेल्या ४४ पानांतली दोन चालतात. सुमारे साडेचार टक्के. ४९ डॉलरच्या पॉटवर त्या फुकट पानाची किंमत झाली सव्वादोन डॉलर. सव्वादोन डॉलरच्या रक्षणासाठी ३३ डॉलरचा पहारेकरी ठेवायचा? हां, टेबलावर दोन बदाम असते आणि समोरचा तिसऱ्याची वाट बघत असता, तर ४४ पैकी ९ पानं त्याची, म्हणजे सुमारे २० टक्के. तिथे फुकट पान दहाएक डॉलरला पडतं, आणि तिथे टर्नला बेट मारलीच पाहिजे. माझी तक्रार बेटविरुद्ध नाही, टेबल न बघता मारलेल्या बेटविरुद्ध आहे.

दुसरं: "बेट मारली की कळतं आपण कुठे आहोत." हे तर माझं सगळ्यात लाडकं. बॅकअप नीट आहे का हे बघायला प्रॉडक्शनचा सर्व्हर पाडायचा, त्यातला प्रकार. आजोबा दोनदा कॉल करून गप्प बसले, त्यातून मला काय कळलं? काहीही नाही. कळलं ते १३२ डॉलर गेल्यावर. आणि जिथे खरंच कळतं तिथे आपण ऐकत नाही. आमच्यासारख्या टेबलांवर रात्रभर नुसता कॉल करणारा माणूस टर्नला एकदम रेझ करतो, तेव्हा तो ओरडून सांगत असतो की माझ्याकडे जोडीहून भारी आहे. तेव्हा फोल्ड करायला जीव जातो.

तिसरं: २००३. ही कहाणी प्रत्येक अड्ड्यावर एकदा तरी निघतेच. त्या वर्षी लास व्हेगासच्या वर्ल्ड सीरीजमध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीचा एक अकाउंटंट ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. शेवटच्या दोघांत त्याने सॅम फराहविरुद्ध काहीही हातात नसताना सगळ्या चिप्स ढकलल्या, आणि फराहने नव्व्यांची टॉप पेअर फोल्ड केली. "बघ! टॉप पेअर सोडली आणि हरला!" अहो, तिथे टेबलावर दोनच माणसं उरली होती. दोघांत डाव चालतो तेव्हा दोघेही जवळजवळ काहीही घेऊन खेळतात, टॉप पेअर म्हणजे डोंगर असतो. आणि तो एक डाव वीस वर्षं दाखवला जातो, कारण तसं क्वचित घडतं. आजोबांनी निमूट राजा-राणी दाखवल्याचे असंख्य डाव टीव्हीवर कोण दाखवणार?

एक मुद्दा मात्र मी प्रामाणिकपणे मान्य करतो. आजकालचे हुशार भिडू सॉल्व्हर वापरतात. २०१५ मध्ये पायोसॉल्व्हर आल्यापासून संतुलित डाव घरच्या संगणकावर सोडवता येतो. त्या हिशेबात राजा-नव्वीची तिसरी बेटही कधीकधी बसते. पण का? कारण सॉल्व्हरच्या जगात मोठ्या ब्लाइंडवरचा माणूस खूप जास्त प्रकारची पानं घेऊन खेळतो, आणि हलक्या पानांनीही मोजून मापून शेवटपर्यंत कॉल करतो. वर मी मोजलेले १० तिथे बरेच जास्त होतात. तसा सैल हाताचा कॉल करणारा तुमच्या टेबलावर असेल तर मारा तिसरी बेट, माझी हरकत नाही. मोजून मारा म्हणजे झालं. आणि तोच सॉल्व्हर मधल्या ताकदीची पानं वारंवार चेक करतो, हे पंडित सोयीस्करपणे विसरतात. त्याला कोणी "मर्दासारखा खेळ" म्हणत नाही, म्हणून त्याला ते जमतं.

माझा खरा राग इथे आहे. आपण लोक टर्म इन्शुरन्स घेताना बारा कंपन्यांची तुलना करतो, कोड रिव्ह्यूमध्ये दुसऱ्याच्या एका ओळीवर अर्धा तास वाद घालतो. आणि टेबलावर चार मित्रांनी "घाबरलास?" म्हटलं की डोकं खुंटीला टांगून ७५ डॉलर ढकलतो. त्या रात्री तिसरी बेट मी पानं बघून मारली नव्हती. दोनदा मारली होती, आता थांबलो तर हसं होईल, म्हणून मारली होती.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केलेला आहे, तेव्हा हे वाचून ॲप शोधायला जाऊ नका. घरी काड्यापेटीतल्या काड्या लावून खेळा. गणित तेच राहतं.

त्या रात्रीचं खोटं मी आठवडाभर वागवलं आणि मग एका रविवारी बायकोला सगळं सांगितलं. डाव पण सांगितला, कारण नुसतं "हरलो" सांगायला लाज वाटत होती. राजा, नव्वी, १४, ३३, ७५, सगळं. तिला पोकरमधलं ओ की ठो कळत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जोडी जमली म्हणून लगेच लग्नच लावायचं का रे? आधी जरा चौकशी करायची." मग थोड्या वेळाने, तितक्याच शांतपणे, "आणि यापुढे रिलीज असेल तेव्हाच रिलीज म्हणायचं."

आई-बाबा त्या वर्षी आले, पण ठरलं होतं त्याच्या दोन महिने उशिरा.

तेव्हा पुढच्या महिन्यात पुन्हा बेसमेंटमध्ये राजा-नव्वी आली, तर फ्लॉपला मी बेट मारणार आहे, टर्नला टेबलावर बोटं टकटकवून चेक करणार आहे, आणि पंडितांना जे बोलायचं ते बोलू देणार आहे. वडापाव तर फुकटच आहे. :)